शाब्ली : कालवांच्या मातीतली द्राक्षे

तोलस्तोयच्या ‘अॅना कॅरेनिना’मध्ये ओब्लॉन्स्की लेविनला मॉस्कोतल्या एका उपाहारगृहात नेतो. आधी कालवे मागवतो आणि जेवणाबरोबरच्या मद्यासाठी अखेर ‘शाब्ली’वर येऊन थांबतो. १८७५ ते १८७७ या काळात ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होत होती. बर्गंडीच्या उत्तर टोकावरील एका चिमुकल्या गावाचे नाव तेव्हा रशियन सरदाराच्या जिभेवर सहज होते. त्यानंतर दहा-बारा वर्षांतच त्या गावाच्या वेली मरू लागल्या.

फिलॉक्सेरा ही मुळे पोखरणारी कीड हे त्याचे प्रसिद्ध कारण. पण एकमेव नव्हे. १८५०च्या दशकात रेल्वेने पॅरिस भूमध्य समुद्राशी जोडले गेले आणि दक्षिणेतले स्वस्त मद्य राजधानीत लोटू लागले. पॅरिसजवळ असण्याचा शाब्लीचा जुना लाभ संपला. पुढे महायुद्धांनी माणसे नेली, तर १९४५ आणि १९५७ सालच्या वसंतातल्या हिमबाधेने उरलेसुरले पीक. १९५०च्या दशकात जेमतेम ५०० हेक्टरांवर वेली उरल्या होत्या. विरोधाभास असा, की त्याच सुमारास अमेरिकेत कुठल्याही द्राक्षांच्या स्वस्त पांढऱ्या मद्याला ‘शाब्ली’ म्हणत. गाव ओसरत होते आणि नाव फोफावत होते!

पुनरुज्जीवन झाले ते पाण्याने. वसंतात डोळे फुटल्यावर रात्री पारा शून्याखाली उतरला, की मळ्यांत तेलाच्या शेगड्या पेटवीत. (निफाडकडचे द्राक्षबागायतदार थंडीत शेकोट्या पेटवतात, त्याचीच ही भावंडे.) पुढे वेलींवर पाणी फवारण्याची युक्ती आली. पाणी गोठताना उष्णता सोडते. त्यामुळे बर्फात गुरफटलेला कोंब शून्याच्या आसपास राहतो, करपत नाही. मात्र बर्फ वितळू लागेपर्यंत फवारा थांबता कामा नये. मध्येच तो थांबला, तर हेच पाणी घात करते.

पीक हमखास येऊ लागताच वाद पेटला. इथल्या खालच्या उतारांवर किमरिजियन चुनखडीयुक्त माती आहे. तिच्यात चिमुकल्या कालवांचे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडतात. खरी शाब्ली याच मातीतली, असे विल्यम फेव्र यांच्यासारखे जुने उत्पादक म्हणत. माथ्यावरच्या पोर्टलँडियन खडकावरही मळे वाढवा, असा दुसऱ्यांचा आग्रह. १९७०च्या दशकात विस्तारवाद्यांची सरशी झाली. आज लागवड साडेपाच हजार हेक्टरांच्या वर आहे. मात्र सरँ नदीकाठचे नैर्ऋत्याभिमुख ‘ग्राँ क्रू’ उतार शंभर हेक्टरांच्या आसपासच आहेत. माझा कल फेव्र यांच्याकडे झुकतो. तरीही विस्ताराविना हे गाव जगले असते का, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

शार्दोने हे एकच द्राक्ष, थंडीमुळे टिकणारी तीक्ष्ण आम्लता आणि ओल्या दगडाची आठवण देणारा कोरडेपणा, ही या मद्याची प्रकृती. हवामान तापू लागल्यावर डोळे लवकर फुटतात आणि वसंतातल्या गारठ्याच्या तावडीत अधिक सापडतात. एप्रिल २०२१मध्ये तेच झाले. त्या रात्री शाब्लीच्या उतारांवर पुन्हा हजारो ज्योती तेवत होत्या. तरीही पिकाचा मोठा हिस्सा गेला.