टायटॅनियमचा खुबा

आत्याचा खुबा बदलायचं ठरलं तेव्हा घरातल्या प्रत्येकाचा डॉक्टरांना एकच प्रश्न: "टायटॅनियमचाच बसवणार ना?" जणू दागिनाच घडवायचाय! म्हटलं, शनिवार-रविवार बसून जरा वाचू या.

तर मंडळी, हाडाचं आणि टायटॅनियमचं जमतं हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत १९४० सालीच दिसलं होतं. १९५१ मध्ये लेव्हेंथल नावाच्या अमेरिकन सर्जनने उंदरांच्या मांडीच्या हाडात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. काही आठवड्यांनी ते इतके घट्ट बसले की एक काढताना हाडच मोडलं. स्वीडनच्या ब्रोनेमार्कलाही त्याच दशकात सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण परत निघेना. या धातूवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप तयार होतो. त्यामुळे तो शरीरात गंजत नाही आणि हाड त्याला थेट चिकटून वाढतं.

शुद्ध टायटॅनियम मात्र सांध्याच्या भाराला कमी पडतं. मग विमानांसाठी बनलेला मिश्रधातू उचलला गेला: ६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम, बाकी टायटॅनियम. याचा ताठपणा सुमारे ११० गिगापास्कल, म्हणजे स्टीलच्या जवळपास निम्मा. दांडा फार ताठ असला की सगळा भार तोच उचलतो, आणि काम नसलेलं हाड झिजत जातं. (हाड १५-२० गिगापास्कलचं, म्हणजे टायटॅनियमही तसं ताठच.)

इतकं सगळं छान म्हटल्यावर उखळीच्या सांध्यातला गोळाही त्याचाच करून पाहिला. तिथे घोडं अडलं! हा धातू घासला की ऑक्साइडचा थर निघतो, पुन्हा येतो, पुन्हा निघतो. काही रुग्णांचं दुसरं ऑपरेशन करताना सांध्याभोवतीचं मांस धातूच्या भुकटीने काळं पडलेलं सापडलं. ते गोळे मागे पडले. दांडा टायटॅनियमचा आणि गोळा कोबाल्ट-क्रोमियमचा किंवा सिरॅमिकचा, अशी वाटणी रूढ झाली. व्हॅनेडियमच्या विषारीपणाची शंका होती, म्हणून स्वित्झर्लंडमध्ये त्याच्या जागी नायोबियम घातलं गेलं.

पण दोन तुकडे म्हटले की जोड आला. आमच्या फील्डमध्येही प्रत्येक मॉड्यूल टेस्टमध्ये पास होतं आणि बग निघतो इंटरफेसमध्ये! काही डिझाइन्समध्ये तर गोळा आणि दांडा यांच्यामध्ये सुटी मानही असे, म्हणजे आणखी एक जोड. स्ट्रायकर कंपनीच्या अशाच एका मॉडेलमध्ये टायटॅनियमचा दांडा आणि कोबाल्ट-क्रोमियमची मान सूक्ष्म हालचालीने घासून गंजू लागली. जुलै २०१२ मध्ये ते परत मागवलं गेलं, आणि काहीही दुखत नसलेल्या रुग्णांनाही रक्तातल्या कोबाल्ट-क्रोमियमची तपासणी करून घ्यायला सांगावं लागलं.