उंबऱ्यातला गंज

इंग्लंडमध्ये जुनी एमजीबी स्पोर्ट्स कार विकत घ्यायला गेलेला जाणता माणूस आधी बॉनेट उघडत नाही. तो दारापाशी गुडघे टेकतो, खिशातला लोहचुंबक काढतो आणि दाराखालच्या पट्टीवरून फिरवतो. चुंबक चिकटला तर आत पत्रा आहे. घसरला तर लांबी भरून वर रंग मारलेला आहे. मग जॅकने गाडी जरा उचलून तो दाराची फट बघतो. फट आवळली, दार घासायला लागलं, तर मोठ्या पत्रेकामाची तयारी ठेवायची किंवा तिथूनच परतायचं. दाराखालच्या या भागाला सिल म्हणतात, म्हणजे आपला उंबराच. पहिल्यांदा जुनी स्पोर्ट्स कार घेणाऱ्याला जी फसगत सर्वात महाग पडते, ती बहुतेकदा या उंबऱ्यात दडलेली असते.

हा उंबरा इतका मोलाचा का झाला, हे कळायला १९६२ सालापर्यंत, एमजीबी आली त्या वर्षापर्यंत, मागे जावं लागतं. त्याआधीच्या एमजीएला स्वतंत्र चासी होती. लोखंडी सांगाडा खाली, बॉडी वर. एमजीबी करताना एमजीचे मुख्य अभियंता सिड एनेव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चासीच काढून टाकली आणि बॉडीच्या पत्र्यालाच भार उचलायला लावला. गाडी एमजीएपेक्षा आखूड झाली, तरी आत जागा वाढली. पण उघड्या गाडीला छप्पर नसतं, त्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवण्याचं बरंचसं काम या दोन पोकळ उंबऱ्यांवर आलं. त्यात ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. खारं पाणी पोकळीत शिरतं, तिथेच साचतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरून गाडी चकचकीत दिसत राहते.

एमजी ही अक्षरं मॉरिस गॅरेजेसची. विल्यम मॉरिस यांच्या ऑक्सफर्डच्या या धंद्याचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी १९२० च्या दशकात साध्या मॉरिस गाड्यांवर देखण्या बॉड्या चढवून विकायला सुरुवात केली. १९२९ मध्ये कारखाना ॲबिंग्डनला गेला. युद्धाच्या काळात वरिष्ठांशी मतभेद होऊन किंबर यांना बाहेर पडावं लागलं, आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरच्या रेल्वे अपघातात त्यांचा मृत्यू झाला. युद्धानंतर त्यांच्याच परंपरेतली टीसी ही एमजीची छोटी गाडी अमेरिकेत पोचली आणि तिथल्या तरुणांना छोट्या इंग्लिश गाडीचं वेड लागलं. किंबर यांना ते पाहायला मिळालं नाही, याची हळहळ वाटते.

ॲबिंग्डन हा कारखाना म्हणून फार साधा होता. पत्रा दाबणारी मोठी यंत्रं तिथे नव्हती. बॉड्या बाहेरून यायच्या, इंजिनं बाहेरून यायची, आणि कामगार अर्धवट गाडी हातांनी ढकलत एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर न्यायचे. पैसा नेहमीच कमी, म्हणून शक्य तितके भाग कंपनीच्या घरगुती मोटारींचेच वापरायचे. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिनसुद्धा बीएमसी या मालक कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातलं, म्हणजे ज्या घराण्याची इंजिनं शाळामास्तर आणि दुकानदार चालवायचे त्या गाड्यांत बसत. गाडी घडवणाऱ्यांना ही तडजोड वाटली असेल. पन्नास वर्षांनंतर नवख्या मालकाला मात्र तीच पावली. दोन एसयू कार्बोरेटर, हाताला सहज लागणारा डिस्ट्रिब्युटर, पान्यांच्या एका संचात उरकणारी बहुतेक कामं. एमजीबीच्याच काळातल्या जग्वार ई-टाइपचं रूप कितीही भुरळ घालणारं असो, पहिली गाडी म्हणून ती घेणाऱ्याचं धाडस मोठंच म्हणावं लागेल.

एमजीबीची घडण वर्षागणिक बदलत गेली, आणि खरेदीदाराला ती वर्षं पाठ असावी लागतात. १९६४ च्या शेवटी क्रँकशाफ्टला तीनऐवजी पाच बेअरिंग आली. १९६५ मध्ये छप्पर असलेली जीटी निघाली. तिच्या रेषांवर इटलीच्या पिनिनफरिनाचा हात फिरला होता. १९६७ च्या मार्क टूमध्ये पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश मिळालं. १९७४ मध्ये अमेरिकेच्या सुरक्षा नियमांसाठी क्रोमचे बंपर जाऊन काळे, जाडजूड रबरी बंपर आले आणि गाडी इंच-दीड इंच उंच करावी लागली. वळणावर ती झुकू लागली, रसिकांनी नाकं मुरडली. रबरी बंपरवाली गाडी आजही क्रोमवालीपेक्षा स्वस्त मिळते, म्हणून कित्येकांची पहिली गाडी तीच ठरते. तिची हेटाळणी अन्यायाची आहे. उंबरे शाबूत असलेली रबरी बंपरची गाडी कुजलेल्या क्रोमवालीपेक्षा केव्हाही बरी.

ऑक्टोबर १९८० मध्ये ॲबिंग्डनचं फाटक बंद झालं. तोवर पाच लाखांहून अधिक एमजीबी बाहेर पडल्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेक परदेशी गेल्या होत्या.

इतर गाड्यांचं जे होतं ते इथे झालं नाही. जुने साचे भंगारात जाण्याआधी ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने ते शोधून जमवले आणि १९८८ मध्ये फॅरिंग्डन इथे मूळ साच्यांवर एमजीबीची कोरी बॉडी काढायला सुरुवात केली. गंजून संपलेल्या गाडीचं इंजिन, ॲक्सल, काचा आणि खुर्च्या काढून नव्या बॉडीत बसवता येऊ लागल्या. ही बॉडी इतकी भरवशाची होती, की एमजीची तेव्हाची मालक कंपनी रोव्हरने तिच्याच आधाराने १९९० च्या दशकात आरव्ही-८ ही गाडी काढली. सुमारे दोन हजार झाल्या आणि बहुसंख्य जपानला गेल्या. नव्या पत्र्याची गाडी जुनी म्हणावी का, यावर मालकांमध्ये वाद होतात. गाडी रस्त्यावर धावत राहिली, हे शुद्धतेपेक्षा मोठं.

भारतात एमजीबी शोधायला निघालेल्या हौशी माणसाला फार वाट पाहावी लागेल. पण या घराण्याचं एक इंजिन आपल्याकडे गल्लोगल्ली फिरलं आहे. एमजीएच्या पहिल्या आवृत्तीत जे १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन होतं, त्याचंच भावंड बंगालमधल्या उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सच्या ॲम्बेसिडरमध्ये बसत होतं. सिलिंडरचा व्यास तोच, स्ट्रोक तोच. कार्बोरेटर तेवढा दोनाऐवजी एक. २०२१ पासून केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीची विंटेज म्हणून नोंद होते आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. जुन्या ॲम्बेसिडरही आता त्या वयाच्या झाल्या आहेत. सरकारी ॲम्बेसिडरच्या टॅपेटचा आवाज ऐकून फिलर गेज हातात घेणारे मिस्त्री म्हातारे झालेत. एखाद्या एमजीएचं बॉनेट त्यांच्यापुढे उघडलं, तर आत काय आहे हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज पडणार नाही.