लुकलुकणाऱ्या दिव्याची कुळकथा

ईटच्या रस्त्यावरील पिकअपमध्ये इंजिनाच्या आकृतीचा जो पिवळा दिवा असतो, त्याचे मूळ लॉस एंजेलिसच्या धुरात आहे. तो धूर मुख्यतः मोटारींचा, हे हागेन-स्मिट यांनी १९५० च्या सुमारास दाखविले. पुढे गाडीने आपला दोष आपणच सांगावा, असा दंडक कॅलिफोर्नियात १९९१ पासून व साऱ्या अमेरिकेत १९९६ पासून आला. भारतात तो २०१० नंतर रुजला.

दिवा स्थिर असेल तर गाडी सवडीने दाखवावी. पेट्रोल गाडीत तो लुकलुकला, तर एखादे सिलिंडर नीट पेटत नाही आणि न जळलेले इंधन धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात जाऊन त्यालाच भाजून काढीत आहे, असे समजावे व थांबावे. (डिझेलमध्ये अर्थ कंपनीगणिक निराळा.) यंत्राने 'पी ०३०२' सांगितले तर दोष दुसऱ्या सिलिंडरात. त्याची कॉइल शेजारच्याशी अदलाबदल करावी; दोष तिकडे सरकला तर कॉइलच गेली. न सरकला तर प्लग पाहावा, मग इंजेक्टर.