घाटवाटांचें ऋण

इतिहासाच्या पुस्तकांत राजधान्यांना आणि रणांगणांना जेवढी जागा मिळते, तिच्या दशांशहि वाटांना मिळत नाहीं. कोणता राजा कोठें राज्य करीत होता हें आपण मुलांकडून पाठ करून घेतों. पण त्याच्या प्रजेच्या जेवणांतलें मीठ कोणत्या वाटेनें येत होतें, हें विचारण्याची आपणांस आठवण होत नाहीं. हा प्रश्न आमच्या मनांत प्रथम जोरानें उभा राहिला तो बीड जिल्ह्यांतील धर्मापुरी येथें. आणि तो उभा केला कोणा पंडितानें नव्हे, तर आमच्याबरोबर आलेल्या एका वृद्ध बाईंनीं.

धर्मापुरी हें बालाघाटाच्या टापूंतलें, परळी व अंबाजोगाई यांच्या परिसरांतलें गांव. येथील केदारेश्वराचें मंदिर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळांतलें. त्याच्या भिंतींवरील शिल्पें पाहतांना माणूस घटकाभर मुका होतो. आम्ही असेच मुके होऊन उभे असतां त्या बाई पायरीवर टेकल्या. त्यांचें माहेर आणि सासर दोन्हीं कोंकणांतलीं. त्याच दिवशीं सकाळीं त्यांनीं अंबाजोगाईस योगेश्वरीची ओटी भरली होती. त्या म्हणाल्या, “काय हो, आमची कुलदेवी समुद्र सोडून इतक्या लांब कशी? आणि मोटारी नव्हत्या तेव्हां आमचीं माणसें तिच्या पायांशीं येत होतीं तरी कशीं?”

कोंकणांतील अनेक चित्पावन घराण्यांची कुलदेवता अंबाजोगाईची योगेश्वरी आहे, ही गोष्ट आपल्या वाचकांस ठाऊक आहे. ती इतक्या दूर कां, याविषयीं दंतकथा पुष्कळ आहेत. त्यांत आम्ही शिरत नाहीं. परंतु बाईंच्या प्रश्नाचा उत्तरार्ध खरोखर इतिहासाचा आहे. समुद्रकांठ आणि बालाघाट यांच्या मध्यें सह्याद्रीची भिंत उभी आहे. ती भिंत ओलांडून माणसें जात-येत होतीं, आणि हें जाणें-येणें आजकालचें नाहीं; त्यास निदान दोन हजार वर्षें झालीं आहेत.

अंबाजोगाईच्या दक्षिणेस, आजच्या धाराशिव जिल्ह्यांत, तेरणा नदीच्या कांठीं तेर हें गांव आहे. गोरोबाकाकांचें गांव म्हणून वारकऱ्यांना तें वंद्य आहे. पण गोरोबांच्या आधीं बाराशें वर्षें त्याचा लौकिक निराळाच होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या व्यापाराची माहिती लिहून ठेविली. ‘पेरिप्लस’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या त्या ग्रंथांत पैठण आणि तगर या दक्षिणापथांतील दोन थोर बाजारपेठा म्हणून सांगितल्या आहेत. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि पैठणपासून तगर आणखी दहा दिवसांच्या. पैठणचा अकीक आणि तगरचें जाडेंभरडें कापड व मलमल गाडे भरून, धड रस्ते नसलेल्या मोठमोठ्या मुलखांतून बंदराकडे जात असे. हें तगर म्हणजेच तेर, असें डॉ. फ्लीट यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं दाखवून दिलें. तेरच्या मातींतून निघालेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति इटलींतील पाँपेई नगराच्या अवशेषांत सांपडलेल्या हस्तिदंती मूर्तीशीं मिळतीजुळती आहे. आणि तें पाँपेई तर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. बालाघाटाच्या या आडबाजूच्या मुलखाचा जगाशीं केवढा व्यवहार होता, याची यावरून कल्पना यावी.

या संबंधाची आठवण कोंकणानेंहि जपून ठेविली होती. मध्ययुगांत कोंकणावर राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत ‘तगरपुरवराधीश्वर’ ही पदवी मोठ्या अभिमानानें लावीत. राज्य समुद्रकांठीं आणि अभिमान तगरचा! बाईंच्या कुलदेवीसारखेंच हें कोडें आहे. कुळाचें मूळ घाटावर आणि संसार कोंकणांत, अशी भावना राजांपासून गृहस्थांपर्यंत कशी रुजली हें समजून घ्यावयाचें असेल, तर सह्याद्रींतील घाटवाटांकडेच वळलें पाहिजे.

त्या वाटांत सर्वांत वडील मान नाणेघाटाचा. जुन्नरकडून कल्याणच्या बंदराकडे उतरणारी ही वाट. एका हिवाळ्यांत आम्ही कांहीं विद्यार्थ्यांना घेऊन कोंकणांतील वैशाखऱ्याच्या बाजूनें ती चढलों. आरंभीं रान लागतें, मग दगडी पायऱ्या सुरू होतात, आणि छाती भरून येते तेव्हां डोंगराच्या पोटांत कोरलेलें एक लेणें समोर दिसतें. पुढें दोन कड्यांमधील अरुंद नळींतून माणूस एकदम पठारावर येतो. तेथें एक भला थोरला दगडी रांजण आहे. या रांजणांत जकातीचीं नाणीं टाकीत, म्हणून नाणेघाट, असें तेथील लोक सांगतात. शेजारीं जीवधन आणि जवळपास चावंड, हडसर, शिवनेरी असे किल्ले आहेत. एवढ्या किल्ल्यांनीं ज्या मुलखावर नजर ठेवावी, तेथील वाटेची किंमत काय असेल हें निराळें सांगावयास नको.

लेण्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपींत आणि प्राकृत भाषेंत एक मोठा लेख आहे. तो इसवी सनाच्या पूर्वींच्या शेवटच्या शतकाचा मानतात. सातवाहन राजा शातकर्णी याची राणी नागनिका हिच्याशीं तो निगडित आहे. अश्वमेध, राजसूय असे अनेक यज्ञ झाले आणि त्यांत गाई, घोडे, हत्ती, गांवें व हजारों कार्षापण दक्षिणा म्हणून दिले, याची ती यादी आहे. त्या यादींतील आंकड्यांचीं चिन्हें फार जुनीं असल्यामुळें अंकांच्या इतिहासांत त्यांना मोठें स्थान मिळालें; पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं एकोणिसाव्या शतकांत त्यांचा अभ्यास केला. लेण्यांत राजघराण्यांतील व्यक्तींच्या मूर्ति होत्या. आज मूर्ति गेल्या आहेत. वरचीं नांवें आणि खालीं पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत.

हीं उरलेलीं पावलें पाहून आमचा एक विद्यार्थी म्हणाला, “सर, राजांचीं पावलें दगडांत राहिलीं, पण ही पायरी ज्यांनीं झिजविली त्यांचीं कोठें आहेत?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. खरेंच, त्या लेखांत किती गाई दिल्या हें आहे. किती बैल ओझ्याखालीं हा चढ चढले हें नाहीं. यज्ञाची दक्षिणा ज्या व्यापाराच्या जकातींतून कांहीं अंशीं तरी आली असेल, तो व्यापार पाठीवर वाहणाऱ्यांविषयीं एक अक्षरहि नाहीं. कोंकणांतलें मीठ वर न्यावें आणि देशावरचें धान्य खालीं आणावें, हा क्रम शतकानुशतकें चालला. लमाणांचे तांडे, ओझ्याचे बैल, डोक्यावर भारा घेतलेल्या बायका, मेंढरें घेऊन फिरणारे धनगर आणि देवदर्शनास निघालेले यात्रेकरू, हेच या वाटेचे खरे कर्ते. राजानें पायऱ्या खोदविल्या असतील. पण वाट जिवंत ठेवली ती यांच्या पायांनीं.

वाटेचें दैव राजांच्या भांडणांवरहि फिरे. पेरिप्लसकाराच्या काळीं कल्याणचें बंदर अडविलेलें होतें. तेथें चुकून आलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचला नेत, असें तो सांगतो. परंतु अशा अडवणुकीनें वाट मरत नाहीं. कांहीं काळ निजते आणि पुन्हां जागी होते. वाट खरी मरते ती दुसरी सोयीची वाट निघाली म्हणजे. १८३० मध्यें बोरघाटांतून गाड्यांचा रस्ता खुला झाला. १८६३ मध्यें त्याच घाटांतून आगगाडी गेली, आणि १८६५ मध्यें थळघाटांतून. जो माल आठवडाभर बैलांच्या पाठीवर हेलकावे खात होता, तो एका दिवसांत जाऊं लागला. यांत वाईट कांहींच नव्हतें. दुष्काळांत धान्य पोंचविण्यास आगगाडी किती उपयोगी पडली हें विसरून चालणार नाहीं. पण तेव्हांपासून नाणेघाटासारख्या वाटांवर गवत वाढूं लागलें.

आज त्या गवतांतून पुन्हां पावलें उमटूं लागलीं आहेत. मुंबई-पुण्याचीं तरुण मुलें पाठीवर पिशव्या टाकून पावसाळ्यांत व हिवाळ्यांत या वाटा चढतात. आमच्या पिढींतील कित्येक सुशिक्षित या प्रकाराला रिकामपणाची हौस म्हणून हंसतात. आम्हांस तें पटत नाहीं. याविषयीं परदेशांत काय घडलें तें पाहावें.

स्पेन देश आम्हीं पाहिलेला नाहीं. तो आम्ही पुस्तकांतूनच जाणतों. त्याच्या उत्तरेस पिकोस दे यूरोपा नांवाच्या पर्वतांत कारेस नदीनें खोल दरी कापली आहे. तिच्या कड्यांतून सुमारें १२ किलोमीटरांची एक पायवाट जाते. ती विजेच्या कारखान्याला पाणी नेणाऱ्या कालव्याच्या देखरेखीसाठीं खोदली गेली. दक्षिणेस मालागा प्रांतांत दुसऱ्या एका दरींत कड्याला चिकटून मजुरांसाठींच बांधलेली वाट आहे. १९२१ मध्यें राजा तेरावा आल्फोन्सो तीवरून एकदां चालला, एवढ्यावर ती ‘राजाची वाट’ झाली. घाम मजुरांचा आणि नांव राजाचें. नाणेघाटाहून निराळें काय? पुढें ती मोडकळीस आली, माणसें पडून दगावलीं, आणि ती बंद झाली. परंतु तेथील लोकांनीं ती टाकून दिली नाहीं. नीट बांधून २०१५ मध्यें ती पुन्हां उघडली. आतां तेथें ठराविक संख्येनेंच आणि डोक्याला टोप घालून लोकांना सोडतात.

याहून मोठी गोष्ट मेंढपाळांच्या वाटांची. ऋतु पालटला कीं मेंढरें डोंगरांतून मैदानांत आणि मैदानांतून डोंगरांत न्यावयाचीं, हा त्या देशाचा जुना रिवाज. १२७३ मध्यें राजा दहावा आल्फोन्सो यानें मेंढपाळांच्या संघास सनद दिली. तो संघ १८३६ मध्यें मोडला. पण वाटा कोणाच्या, हा प्रश्न राहिला. १९९५ मध्यें तेथें कायदा झाला कीं या वाटा सार्वजनिक मालकीच्या आहेत. त्या कोणी विकत घेऊं शकत नाहीं, आणि पहिला हक्क गुरामेंढरांचा राखून पायीं हिंडणाऱ्यांनींहि त्यांचा उपयोग करावा. धनगराची वाट आणि हौशी प्रवाशाची वाट यांत विरोध मानण्याचें कारण नाहीं, हें त्यांनीं ओळखलें.

आपल्याकडे साधन नाहीं असें नाहीं. गांवच्या नकाशावर पायवाट तुटक रेषेनें दाखविलेली असते. ती रेषा पुसली जाण्यापूर्वीं जुन्या घाटवाटा एकदां पायीं चालून, वरच्या-खालच्या गांवांतील म्हाताऱ्यांना विचारून, पाणी कोठें व विसांवा कोठें हें टिपून घेणें एवढें काम कोणत्याहि महाविद्यालयाला करतां येईल. मात्र चालणाऱ्यांनींहि एक पथ्य पाळलें पाहिजे. लेण्याच्या भिंतीवर आपलें नांव खरडणारा तरुण नागनिकेचीच नक्कल करीत असतो. फरक इतकाच कीं तिच्या लेखानें इतिहास मिळाला आणि याच्या खरडण्यानें तो जातो. आणि ज्या ठाकर-महादेव कोळ्यांच्या वस्त्यांतून ही वाट चढते, त्यांना चार पैसे मिळतील व त्यांचा मान राहील, असें चालणें तेंच चालणें.

त्या दिवशीं धर्मापुरीहून निघतांना आम्हीं बाईंना थोडक्यांत हें सारें सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें, मंदिराच्या झिजलेल्या उंबऱ्याला हात लावून तो डोळ्यांना लावला, आणि म्हणाल्या, “म्हणजे देवी लांब नव्हती, आम्हीच चालायचं सोडलं.” इतिहासाचे अध्यापक म्हणून आम्ही इतकीं वर्षें जें सांगूं पाहत होतों, तें त्यांनीं एका वाक्यांत सांगून टाकलें.