कापसामागून आलेले भांडवल

परकीय भांडवल मागास मुलखाकडे कशाने ओढले जाते, याचा माग यवतमाळात काढायचा तर 1991 च्या उदारीकरणापाशी थांबून भागत नाही. आपल्याला बंजाऱ्यांच्या तांड्यांपर्यंत मागे जावे लागते. वऱ्हाडचा कापूस तेव्हा बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडच्या कापसाची आवक आटली आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर या काळ्या मातीकडे वळली. माल होता, गिऱ्हाईक होते. वाट हवी होती. ती बांधणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या भागधारकांना 1849 च्या करारानेच 5 टक्के परताव्याची हमी मिळाली होती. कमी पडेल ते हिंदुस्थानच्या महसुलातून भरायचे होते. भांडवल धाडसापेक्षा हमीवर विसंबते, हे माझे मत या करारामुळेच पक्के झाले.

1867 मध्ये ही रेल्वे नागपूरला पोचली, पण यवतमाळला बाजूला ठेवून. इथल्या कापसाच्या गाड्यांना धामणगाव स्टेशन गाठावे लागे. ही उणीव विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या मुर्तिजापूर–यवतमाळ या 113 किलोमीटरच्या अरुंद मार्गाने भरून काढली. तीच आपली ‘शकुंतला’. तिचे वाफेचे इंजिन 1921 मध्ये मँचेस्टरला घडले, म्हणजे कापसाच्या बाजारपेठेतच, आणि 1923 पासून 15 एप्रिल 1994 पर्यंत ते धावले. रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तरी रूळ कंपनीचेच राहिले. गाड्या मात्र मध्य रेल्वे चालवी.

इंजिन थांबल्यावर दोनच वर्षांनी, 1996 मध्ये, रेमंडने यवतमाळात डेनिमचा कारखाना उभारला. 2006 मध्ये बेल्जियमची युको कंपनी त्यात भागीदार झाली. आता सरकारी परताव्याची हमी नव्हती. कारखाना चालू होता, कापूस दाराशी होता, जोडीला इथला बाजार जाणणारा भागीदार होता आणि कापड उद्योगात परकीय मालकीला कायद्याची आडकाठी उरली नव्हती. दीडशे वर्षे गाठोडी बांधून बाहेर जाणाऱ्या रुईचे कापड याच मातीत विणले जावे, हे वळण मला शकुंतलेहूनही मोलाचे वाटते.

वाटेचे काम मात्र अजून चालूच आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड या ब्रॉडगेज मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा 28 फेब्रुवारी 2024 रोजी खुला झाला, तो आपल्या सरकारच्या पैशातून.