डेट्रॉइटची चित्रमंदिरे : उदय आणि अस्त

मोटारींचे शहर म्हणून डेट्रॉइट जगाला परिचित आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते चित्रमंदिरांचेही शहर होते, आणि त्याच्या या दोन ओळखींचे नाते मोठे विलक्षण आहे.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील या शहरात, बॅगली अ‍ॅव्हेन्यूवरील घरामागच्या एका शेडमध्ये हेन्री फोर्ड यांनी १८९६ साली आपली पहिली मोटारगाडी तयार केली. १९१४ साली त्यांनी पात्र कामगारांना आठ तासांच्या कामाचे पाच डॉलर रोज देऊ केले. दूरदूरचे लोक कामासाठी येथे आले. त्यांच्या हाती पैसा आला आणि संध्याकाळ मोकळी झाली. या नव्या प्रेक्षकवर्गासाठी चित्रमंदिरांचे राजवाडे उभे राहू लागले. सी. हॉवर्ड क्रेन या वास्तुशिल्पकाराने १९२२ साली 'कॅपिटॉल' आणि १९२८ साली 'फॉक्स' बांधले. 'फॉक्स'मध्ये पाच हजारांवर आसने होती. भारत, चीन, ब्रह्मदेश, इराण येथील कलारूपांची मनमुराद सरमिसळ त्याच्या सजावटीत केलेली होती. दिवसभर यंत्रापाशी राबणारा कामगार येथे तिकिटाच्या दरात काही तास राजवैभव भोगत असे.

सुमारे चार हजार आसनांचे 'मिशिगन थिएटर' १९२६ साली उघडले, ते नेमके फोर्ड यांच्या त्या जुन्या शेडच्या जागी! मोटारीने ज्या शहराला प्रेक्षक दिले, त्या शहराने मोटारीच्या जन्मस्थानी चित्रमंदिर उभारले.

पुढे याच मोटारीने प्रेक्षक दूर नेले. रुंद रस्ते झाले, मध्यमवर्ग उपनगरांत राहावयास गेला आणि घरोघरी दूरदर्शन संच आले. १९६७ च्या दंगलीनंतर हे स्थलांतर अधिकच वाढले. १९५० साली साडेअठरा लाखांच्या घरात असलेली लोकवस्ती २०२० साली सहा लाख चाळीस हजारांच्या आसपास उरली. 'मिशिगन'चे प्रेक्षक आटले. लगतच्या कार्यालयीन इमारतीतील भाडेकरूंना मात्र मोटारी ठेवण्यास जागा हवी होती. नाट्यगृह पाडल्यास त्या इमारतीला धोका होता. म्हणून १९७७ साली त्याच्या पोटातच वाहनतळ बांधण्यात आला. नक्षीदार छताखाली मोटारींच्या रांगा लागल्या. ज्या जागी मोटार जन्मली, त्याच जागी ती परत आली.

'फॉक्स' आणि 'कॅपिटॉल' यांचे दैव निराळे ठरले. पिझ्झाच्या व्यवसायातील इलिच दाम्पत्याने 'फॉक्स' विकत घेऊन १९८८ साली त्याचे मूळ रूप परत आणले. 'कॅपिटॉल' १९९६ साली शहराचे ऑपेरागृह म्हणून नव्याने उघडले. तिन्ही वास्तू एकाच दशकातल्या, एकाच शहरातल्या, आणि पडता काळही तिघींचा एकच. दोघींना मात्र वेळीच आस्थेचा धनी भेटला आणि प्रेक्षकांना पुन्हा बोलावणारा उपक्रम मिळाला. तिसरीच्या भिंती उभ्या आहेत. परंतु माणसे येऊन बसत, ते स्थान उरलेले नाही.