तालुक्याचा कॉम्प्युटरवाला

बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि गंगापूर तालुक्याचा छत्रपती संभाजीनगरकडचा कोपरा पार बदलला. वाळूज, जोगेश्वरी, रांजणगाव शेणपुंजी या गावांच्या शिवारात मोठ्या कारखान्यांमागोमाग छोटी वर्कशॉप उभी राहिली. दोन-चार मशीन, मोजके कामगार आणि चलनांच्या गठ्ठ्यात बुडालेला मालक. मनमाडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर लासूर स्टेशनची बाजारपेठ, तिथे आडत्यांच्या लाल वह्या. खुद्द गंगापुरात पतसंस्था, शाळा, वकिलांची कार्यालये. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांना अशा गिऱ्हाइकात रस असण्याचे कारण नव्हते. या मंडळींच्या टेबलावर संगणक बसवला, चालवून दाखवला आणि बिघडल्यावर रात्री-अपरात्री येऊन सुरू करून दिला, तो एकट्याने धंदा करणाऱ्या कॉम्प्युटरवाल्याने. त्याच्या पेशाचा इतिहास कुठल्या दप्तरात सापडत नाही. तो बराचसा सरकारी नियमांच्या तारखांवरून वाचावा लागतो.

त्याचे पहिले हत्यार बंगळुरूहून आले. गिरण्यांना कच्चा माल आणि सुटे भाग पुरवणाऱ्या श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या धंद्याचा हिशेब ठेवणारे सोयीचे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांचा मुलगा भरत याने ते लिहिले. १९८६ मध्ये त्यांची कंपनी निघाली आणि पुढे तिचे टॅली हे सॉफ्टवेअर दुकानादुकानांत पोहोचले. पण नुसते टॅली बसवून आडत दुकान चालत नाही. आडत, हमाली, तोलाई, शेतकऱ्याने आधीच नेलेली उचल, ही खाती कुठल्या गटात घालायची आणि हिशेबपट्टीवर कशी वजा दाखवायची, हे मुनिमाशेजारी बसूनच ठरवावे लागे. कॉम्प्युटरवाल्याची खरी विद्या इथे होती. त्याला यंत्र तर कळावेच लागे, पण रोजकीर्द आणि खतावणीही कळावी लागे.

पतसंस्थेत मात्र त्याची परीक्षा मराठीने घेतली. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था स्थापन झाली, तिच्या जिस्ट तंत्राने भारतीय लिप्या संगणकावर आल्या, मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आली. शिवाजी, किरण, कृतिदेव असे फॉन्ट हातोहात पसरले. यातल्या बऱ्याच फॉन्टांची चाल अशी की पडद्यावर अक्षर मराठी, पण फाइलच्या पोटात इंग्रजी. कृतिदेवमध्ये ‘क’ म्हणजे आत ‘डी’, ‘म’ म्हणजे ‘ई’, आणि ऱ्हस्व वेलांटी म्हणजे ‘एफ’, तीही अक्षराच्या आधी टाइप करायची. अशा फॉन्टात सभासदांची यादी अकारविल्हे लावायला जावे तर कमल ‘डी’खाली आणि किरण ‘एफ’खाली. एकाच अक्षराची दोन नावे यादीत लांब लांब. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसला की संपला विषय. ‘सर, सगळी नावं इंग्रजीत दिसायला लागली,’ असा घाबरलेल्या सचिवाचा फोन आला, की पेन ड्राइव्हवर फॉन्ट घेऊन निघायचे.

युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. पण विंडोज एक्सपीवर मराठी नीट उमटवायची तर कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन भारतीय भाषांचा पर्याय सुरू करावा लागे, आणि त्यासाठी संगणक मूळ सीडी मागे. ती सीडी कॉम्प्युटरवाल्याच्या बॅगेत असे. जुन्या फॉन्टातल्या याद्या युनिकोडमध्ये आणून, एकेक जोडाक्षर डोळ्यांखालून घालून दुरुस्त करणे हे तालुक्यातल्या कागदपत्रांवर झालेले फार मोठे काम आहे. त्याचे श्रेय कुणी कुणाला दिलेले नाही.

सरकारही खेड्यात संगणक आणत होते. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातल्या सत्तर गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प उभा राहिला. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी तिथे पाहिले, तेव्हा त्या संगणकांवर मुख्यतः उसाच्या नोंदीच होत होत्या. त्यांनी काही गावांत संगणकाच्या जागी साध्या मोबाइलवरचे एसएमएस वापरून तेच काम चालवून दाखवले. आधी गरज विचारायची आणि मग यंत्र आणायचे, हा क्रम एकट्याने धंदा करणाऱ्याला पोटासाठीच पाळावा लागतो. चुकीचा सल्ला दिला तर पुढच्या वर्षीची एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, गेलाच.

२००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन (एमकेसीएल) स्थापन झाली आणि तिच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने गावोगाव संगणकाला हात लावलेली पोरे तयार केली. असेंबल केलेले पीसी स्वस्त झाले. पण भारनियमनाचे ते दिवस होते. यूपीएस गचकला की हार्ड डिस्क उडायची, म्हणून बॅकअपचा तगादा लावणे हेही कामच झाले. त्यात सरकारी नियमांची भर पडत गेली. १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला. २०१५ मध्ये शाळांना ‘सरल’ प्रणालीत विद्यार्थ्यांची माहिती भरायला लागली.

सगळ्यात मोठा हादरा १ जुलै २०१७ चा. जीएसटीने वाळूजच्या जॉबवर्क करणाऱ्या वर्कशॉपना एका झटक्यात ऑनलाइन केले. कुणाचा माल कुठल्या चलनाने आला, किती परत गेला, किती भंगारात निघाला, ही मालकाच्या डोक्यातली आकडेमोड आता रोज संगणकात बसवावी लागली. कारण जॉबवर्कला माल पाठवणाऱ्याला आयटीसी-०४ हे विवरण त्यावरूनच भरायचे होते. २५ मे २०१८ पासून राज्यातल्या राज्यात माल हलवायलाही ई-वे बिल लागू झाले. रिटर्न करसल्लागार भरत, पण त्यामागची नोंद जुळवून द्यायला कॉम्प्युटरवालाच बसे. त्या वर्षी अनेक छोट्या मालकांना पहिल्यांदा कळले, की हा माणूस नुसता दुरुस्तीवाला नाही.

आता हिशेब क्लाउडवर गेले, पिग्मी एजंटाच्या हाती मोबाइल आला, रिमोटने बसल्या जागी दुरुस्ती होते. फेऱ्या कमी झाल्या, जोखीम मात्र वाढली. पतसंस्थेच्या संगणकात सभासदांचे आधार, पॅन, फोन नंबर पडून आहेत आणि सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड, असे चित्र नवे नाही. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचा अर्थ सचिवाला मराठीत समजावून सांगायचा, कुठली माहिती ठेवायची आणि कुठली पुसायची हे ठरवून द्यायचे, आणि त्या कामाची फी संचालक मंडळाकडून मंजूर करून घ्यायची, हे त्याच्यापुढचे आजचे काम आहे.